तात्या, तुमचे कान शाबूत होते

तात्या,

आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी यंदाच्या अंकात तुमच्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. "गंगाधर, तू लिही. सात वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंस तू," म्हणाले. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मी नाहीच म्हणणार होतो. पण तुमच्या घरून काकींनी सांगितलं, "तोच लिहील." त्यांनी ते का सांगितलं हे वाचणाऱ्यांना पुढे कळेल. म्हणून लिहायला बसलोय. काना-मात्रा चुकली तर पोरं दुरुस्त करतील. बाकी काही दुरुस्त करू नका असं मी त्यांना बजावलंय.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. पोरांना वाटतंय की मी तुमच्या हाताच्या गुणाविषयी लिहीन. भोईवाड्यातल्या एवढ्याशा शेडमध्ये तुम्ही गाडीच्या आवाजावरून तिचं दुखणं कसं ओळखायचात, टॅक्सीवाले कुठून कुठून यायचे, ते सगळं. ते खरंच आहे आणि मी ते लिहीनही. पण आधी दुसरं लिहायला हवं, नाहीतर माझा धीर पुन्हा सुटेल.

तुमचे कान खराब झाले नव्हते, तात्या. देसाई सरांच्या गाडीत तुमची चूक नव्हती, माझी होती. मी तुमच्याशी खोटं बोललो. एकदा घाबरून बोललो आणि दुसऱ्यांदा दहा माणसांसमोर, नीट विचार करून.

तुमची माझी ओळखच मुळात तापलेल्या इंजिनामुळे झाली. मी तेव्हा मांडववाल्याचा टेम्पो चालवायचो. हिंगोलीहून येऊन तीन महिने झाले होते, वय सव्वीस, गावाकडे बायको आणि दीड वर्षाची मुलगी. दादरहून बांबू भरून निघालो आणि परळच्या सिग्नलला बॉनेटमधून वाफ यायला लागली. मागून हॉर्न, शिव्या. मला वाटलं, गाडी गेली, नोकरी गेली. ढकलत ढकलत तुमच्या गल्लीत आणली, फडकं ओलं करून हातावर गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो. तेवढ्यात कुठून तरी एक चप्पल येऊन माझ्या मनगटावर बसली.

"रे मेल्या, हात काढ! थोबाड शिजवून घेतलंस तर बायको वळखूची नाय तुका!"

मी वळून बघितलं तर तुम्ही एका पायात चप्पल घालून उभे. माझा पहिला प्रश्न होता, "किती वेळ लागेल?" तुम्ही टेम्पोकडे बघितलंतच नाही. फेकलेली चप्पल घेऊन ये म्हणालात, मी आणून दिली, मग म्हणालात, "बस हय. इंजिन गार होईसर कोणी काय करूचा नाय." आणि पाऊण तास खरंच काही केलं नाहीत. चहा सांगितलात. माझं गाव विचारलंत, जमीन किती, पाऊस किती, मुलीचं नाव काय. मी सारखा टेम्पोकडे बघायचो आणि तुम्ही माझी मान धरून इकडे वळवायचात. मला वाटलं, म्हातारा रिकामटेकडा आहे. नंतर कळलं की तुमच्या शेडचा नियमच तो होता. तापलेली गाडी आली की आधी बाकावर बसायचं, चहा प्यायचा, बोलायचं. ड्रायव्हर त्याला 'तात्यांची बैठक' म्हणायचे. त्या बैठकीत तुम्ही निम्मं दुखणं काढून घ्यायचात. पाणी किती दिवसांनी कमी होतं, कुठे थेंब पडतात, या आधी कोणी हात लावला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "उभी रवली काय तापता, की पळताना तापता?" उभी असताना तापते आणि पळताना गार होते, तर पंखा बघायचा. पळतानाच तापते, तर पाणी आत नीट फिरत नाही, तिकडे जायचं. मी आजही कोणत्याही गाडीला हात लावण्याआधी हाच प्रश्न विचारतो.

त्या दिवशी माझ्या टेम्पोचा नुसता एक रबरी पाइप फाटला होता. तुम्ही तो बदललात आणि जाताना म्हणालात, "चालवण्यापेक्षा उघडण्यात तुझो जीव हा. बघ, येतंस तर ये." मला आयुष्यात कोणी पहिल्यांदाच 'ये' म्हटलं होतं. मी आठ दिवसांनी आलो.

तुम्ही मला हिंगोली म्हणायचात. "हिंगोली, पाना आण. हिंगोली, तो चौदा नंबर हा, बारा खय गेलो?" मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, ती तुम्ही डब्यांवरून शिकवलीत. पहिली दोन अक्षरं काट्याच्या तबकडीवरची. C म्हणजे गार, H म्हणजे तापली. मग तुम्ही मला वही दिलीत. आलेली प्रत्येक गाडी तीत लिहायची. गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, मग आपण काय बघितलं, मग काय सापडलं. "तुझा डोका चालवू नको, तो बोलता तसाच लिही." सुरुवातीला एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागायचा. शाळेत मास्तर माझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवून हसायचे. तुम्ही माझी ओळ वाचून फक्त म्हणायचात, "वाचूक येता. पुढे." आज ही दोन पानं मी लिहू शकतोय ती त्या वहीमुळे. आणि माझं खोटंही त्याच वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

देसाई सर गिरगावातले, शिकवणी घेणारे. वीस वर्षांचं तुमचं गिऱ्हाईक. त्यांची गाडी पळताना तापायची, तीही चढाला जास्त. पाणी हळूहळू कमी होत होतं आणि खाली थेंब कुठेच नव्हता. तुम्ही बैठकीतच मला हळू आवाजात सांगितलंत, "हेड गॅस्केट असात." म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये जो पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो, तो कुठेतरी जळला असेल आणि आतला दाब पाण्यात शिरत असेल. ते बघायची तुमची रीत ठरलेली. गाडी रात्रभर ठेवायची. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं, चालू करायचं आणि बघत राहायचं. पाण्यात सारखे बुडबुडे आले तर गॅस्केट गेलं. हे काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. "सकाळी सातला ये, कोणी हात लावच्या आधी बघ."

मी सातला आलो होतो, तात्या. एवढं तरी खरं आहे. पण गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि सरांची गाडी मध्ये. टँकरवाला हॉर्नवरचा हात काढेना, वरच्या मजल्यावरून बायका ओरडायला लागल्या. मी घाबरून गाडी चालू केली आणि बाहेर काढली. पुढे वळायला जागाच नव्हती. पार परळच्या नाक्यापर्यंत जाऊन, गर्दीत अडकून, पंचवीस मिनिटांनी परत आलो. इंजिन तापलं होतं. आता झाकण उघडायचं नाही, निदान दोन-अडीच तास थांबायचं. तोवर तुम्ही येणार होतात, आणि सरांना गाडी दुपारी हवी होती.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की टँकर आला, गाडी हलवावी लागली, बघता आलं नाही. बस. पण त्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाची गाडी न विचारता हलवली होती आणि भिंतीला घासली होती. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "परत माका विचारल्याशिवाय गाडी हलवलंस तर हिंगोलीचा तिकीट काढून देतलंय." बाकावरचे सगळे हसले होते. तुम्हीही हसत होतात. मी नव्हतो हसलो. मी माणूसच असा आहे. शटर लावून निघालो तरी कोपऱ्यावरून दोनदा परत येऊन कुलूप ओढून बघतो. तुमची गंमत मी घरी नेली आणि रोज तिच्यावर झोपलो. गावाकडे त्या वर्षी मुलगी शाळेत जायला लागली होती. मला सारखं वाटायचं, हे सगळं एका वाक्याने जाईल.

साडेआठला तुम्ही आलात. बॉनेटवर हात ठेवलात. गरम.

"बघलंस?"

"बघितलं तात्या. त्यासाठीच चालू केली होती. बुडबुडे नाहीत."

तुम्ही बॉनेटवरचा हात काढला नाहीत. "एक पण नाय?"

"नाही."

आणि मी वहीत लिहिलं, 'सकाळी गार असताना पाहिले. बुडबुडे नाहीत.' तुम्ही लिहायला शिकवलेल्या हाताने.

मग तुम्ही गॅस्केटचा विचार सोडून दिलात. थर्मोस्टॅट काढलात, पाणी वेळेवर सोडणारी ती छोटी झडप, आणि काकींच्या जुन्या चहाच्या पातेल्यात घालून स्टोव्हवर उकळत ठेवलीत. ती उशिरा उघडली. म्हणजे दोष सापडला. खोटा नव्हता तो, पण एकटा नव्हता. नवी झडप, नवं झाकण, रेडिएटर धुतला, कूलंट भरलं. तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिलात. मग म्हणालात, "गाता हा." वरळीपर्यंत फेरी मारून आलात, काटा मधोमध. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव दिला. तुम्ही विचारलंत, "कित्याक रे? पोरगी पास झाली काय?"

बारा दिवसांनी ती गाडी टोइंगच्या हुकाला लटकून आली. कसारा घाटात उकळली होती. सर ऐंशी वर्षांच्या आईला घेऊन नाशिकला निघाले होते. भर दुपारी दोन तास म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून होती. तिला चक्कर आली, एक दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी झाली, हे देवाचे उपकार. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं.

सर शेडमध्ये आले तेव्हा बैठक भरलेली होती. ऑस्कर अंकल त्यांच्या नेहमीच्या जागेवर, टॅक्सी विकून टाकली तरी रोज येणारे. शिवाय आठ-नऊ ड्रायव्हर. सर कधी आवाज चढवणारे नव्हेत. तेव्हाही त्यांनी चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"तात्या, वीस वर्षं डोळे मिटून गाडी दिली तुमच्याकडे. कान चालत नसतील आता, तर तसं सांगायचं ना. बाकावर बसा, चहा प्या. लोकांच्या आईबापांच्या जिवाशी कशाला खेळता?"

तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. माझ्याकडे वळलात. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"हिंगोली, तू बघितलं होतंस मां रे?"

दहा माणसं माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी टँकर नव्हता, हॉर्न नव्हता, घाई नव्हती. मला पूर्ण वेळ मिळाला होता. मी वही उघडली, पान काढलं आणि तुमच्यासमोर धरलं.

"होय तात्या. हे बघा, लिहिलंय."

तुम्ही पान वाचलंत. मान हलवलीत. मग सरांना म्हणालात, "ह्याची चूक नाय. माझ्या कानांनी दगो दिलो."

ऑस्कर अंकलनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "ए तात्या, कान में मशीन डाल ले. बॅटरी मैं देता." सगळे हसले. ह्या वेळी मीही हसलो. पुढे तो विनोद अडीच वर्षं चालला. तुम्ही एखादी हाक ऐकली नाहीत की कोणीतरी 'बॅटरी' म्हणायचं.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायचं काम मीच केलं. तुम्ही शेजारी बसून होतात. जळालेल्या गॅस्केटवरून तुम्ही बोट फिरवलंत, बोटाला काजळी लागली. "ह्या जुना हा," म्हणालात. "आजकालचा नाय." माझा हात पान्यावर होता तिथेच राहिला. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही बराच वेळ ते गॅस्केट उजेडात धरून बघितलंत आणि मग मलाच समजावलंत, "गार असताना कधी कधी दाबून बसता ता. दिसणा नाय. तुझो दोष नाय." माझ्यासाठी तुम्ही पळवाट शोधलीत, तात्या. स्वतःसाठी नाही शोधली.

मी आता इतकी वर्षं हे काम करतोय, म्हणून सांगतो. इतकंसं गॅस्केट जळालेलं असतं तेव्हा ते कानाला कळतच नाही. कोणाच्याच नाही. स्क्रू-ड्रायव्हर लावून बेअरिंग ऐकू येईल, पंप ऐकू येईल, हे नाही. ते फक्त पाण्यात दिसतं, आणि पाण्यात बघायला मला सांगितलं होतं. तुम्हालाही हे माहीत असणार. पण वहीतल्या माझ्या ओळीवर तुमचा इतका विश्वास होता की त्या जागी तुम्ही आपल्या कानांवर ठपका ठेवलात.

त्यानंतर तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला नाहीत. गाडी आली की म्हणायचात, "हिंगोली, तू आयक." मी ऐकायचो आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. गिऱ्हाइकंही हळूहळू मला विचारायला लागली. 'गंगाधर आहे का' म्हणून फोन यायचे. माझी बायको-मुलगी मुंबईत आली, खोली मिळाली, तीही तुमच्या शब्दावर. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "माझ्यापेक्षा ह्याका जास्त कळता आता." मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तुम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. त्यांनी तपासलं, कागदावर रेघ काढून दाखवली आणि म्हणाले, "ह्या वयाला उत्तम आहेत." मला वाटलं, सुटलो, डॉक्टरनीच सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "डॉक्टराक काय कळता? तेका इंजिन खय आयकूचा असता!" बसस्टॉपवर आपण वीस मिनिटं उभे होतो. वाक्य माझ्या जिभेवर होतं. 'तात्या, त्या दिवशी टँकर आला होता.' तिथून सुरू करायचं, एवढं ठरवलंही होतं. मग बस आली. तुम्हाला खिडकीची जागा मिळाली आणि मी दोन रांगा मागे जाऊन बसलो. तुमच्या शेजारची जागा रिकामी होती.

आणि शेवटचं इस्पितळात. तुमच्या छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. काकी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "आज काय इला?"

"एक टॅक्सी आली तात्या. तापतेय."

"उभी रवली काय?"

"उभी राहिली की."

"मगे पंखो बघ." आणि डोळे मिटलेत. मग म्हणालात, "माझा सांगणा बरोबर हा मां? आता माझो भरवसो नाय."

ती वेळ होती, तात्या. त्याहून सरळ तुम्ही कसं विचारणार होतात? मी खुर्ची पुढे ओढली. "तात्या, ती देसाई सरांची गाडी..." एवढं बोललो. तुम्ही डोळे उघडलेत. तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आल्या आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी उठलो. मला बरं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, काकींनाही नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तेराव्याचं सगळं आवरल्यावर मी डिलाईल रोडला काकींकडे गेलो. त्या एकट्याच होत्या, भांडी पुसून फळीवर लावत होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. टँकरपासून इस्पितळापर्यंत. त्या भांडी पुसत राहिल्या. मी संपवल्यावर त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे ह्यांचे कान बरे होते?"

"होय काकी."

"नीट ऐकू येत होतं त्यांना?"

"होय."

त्या खाली बसल्या. मला वाटलं, रडतील. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अडीच वर्षं मी माझ्या नवऱ्याशी ओरडून बोलले रे. ते म्हणायचे, माका आयकाक येणा नाय. मग मी ओरडायची. जेवायला या म्हणून ओरडायची, औषध घेतलंत का म्हणून ओरडायची. सगळी चाळ हसायची. शेवटचं वाक्य पण मी ओरडूनच बोलले त्यांच्याशी. त्या वॉर्डात. बाकीचे पेशंट बघायला लागले."

मला तो आवाज माहीत होता. मी तुमच्या घरी यायचो तेव्हा जिन्यातच ऐकू यायचा. मीही हसलेलो होतो.

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला एकटीला सांगून मोकळा होतोयस काय? त्या दिवशी तिथे कोण कोण होतं? सरांनी बोलून घेतलं ते कोणाकोणासमोर? त्यांना सांग. आणि ती पोरं अंकात लिहायला सांगतायत ना, त्यात लिही. ह्यांनी तुला लिहायला शिकवलं ते कशाला?"

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बैठकीत उभा राहून सांगितलं. ऑस्कर अंकलनी चहाचा ग्लास बाकाखाली सरकवला. मग त्यांनी विचारलं, "वो बॅटरी वाला जोक... तू भी हँसता था ना?" मी हो म्हणालो. ते उठून गेले आणि अजून परत आलेले नाहीत. त्यांची जागा तशीच रिकामी आहे, तिथे कोणी बसत नाही. दोन टॅक्सीवाल्यांनी येणं बंद केलं. एक म्हणाला, "तुझ्या वहीत अजून काय काय आहे कोण जाणे."

गिरगावात सरांकडेही गेलो. त्यांची आई आत पलंगावर होती, तिने मला ओळखलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ते मला हाकलतील. ते म्हणाले, "मी तात्यांना जे बोललो, ते आता कोणाकडून परत घेऊ?" आम्ही दोघंही उभेच होतो. मला पाणी द्यायला ते विसरले आणि मला तहान लागली होती, तरी मी मागितलं नाही.

तात्या, मला तुमची माफी मागता येत नाही. माफ करायला तुम्ही नाहीत, आणि असतात तर पाच मिनिटांत माफ केलं असतंत, हेही मला माहीत आहे. "मेल्या, आधी सांगूचा नाय?" म्हणाला असतात आणि चहा सांगितला असतात. हिंगोलीचं तिकीट तुम्ही कधीच काढणार नव्हतात. हे मला आज समजतंय असं नाही. त्या सकाळीही आत कुठेतरी समजत होतं. तुम्ही मला चप्पल मारून वाचवलं, चौदाचा पाना ओळखायला शिकवलं, अक्षर दिलं, घर दिलं, आणि मी तुम्हाला एक वाक्य दिलं नाही. ते तुम्हाला मिळालं असतं तर तुम्ही अडीच वर्षं अजून इंजिनं ऐकली असतीत. अडीच वर्षं. किती गाड्या होतील, मी मोजत बसत नाही.

अंकाच्या पोरांना हे वाचून काय वाटेल माहीत नाही. छापतील असं वाटतं. काकींनी त्यांनाही सांगून ठेवलंय.

काल संध्याकाळी मी ही पानं काकींना वाचून दाखवायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काकी तुमच्या फोटोसमोर पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या आणि बोलत होत्या. गवळी आज आला नाही. वरच्या परबांच्या मुलीचं ठरलं. गुडघा परत धरलाय. अगदी हळू आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी दार वाजवलं नाही. पानं तशीच खिशात ठेवली आणि जिना उतरलो.

तुमचा,
गंगाधर